लेकरं मजेत आहेत

पेशींना रविवार कळत नाही. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात वाढवलेल्या त्या जिवांना वेळच्या वेळी नवं खाणं लागतं. ते मिळालं नाही तर त्या रडत नाहीत, भांडत नाहीत, मुकाट्याने मरतात, आणि त्यांच्याबरोबर कुणाची तरी चार महिन्यांची मेहनत जाते. तुमचं लग्न असो, ताप असो, घरात कुणी गेलेलं असो, त्यांना कशाचं सोयरसुतक नाही. जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलांना लोक मोठ्या आदराने संशोधक म्हणतात, पण ती बिचारी निम्मा वेळ दाईचं काम करत असतात.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत अशा चार दाया होत्या. ताई पाचव्या वर्षाची, सगळ्यांत जुनी. काका वयाने तिच्याहून मोठा, पण नोकरी सोडून उशिरा शिकायला आलेला, दोन मुलींचा बाप, म्हणून काका. गडबड्याच्या हातून आठवड्याला एक तरी भांडं फुटायचं, त्यामुळे त्याच्या नावाचा खुलासा कुणाला करावा लागत नसे. आणि मौनी दुसऱ्या वर्षाचा. तो मान हलवून काम भागत असेल तर तोंड उघडत नसे.

पेशी ठेवायचं उबदार कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, तिथे कोपऱ्यात होतं आणि त्याच्या शेजारी भिंतीवर एक पांढरा फळा होता. सुट्टी हवी असेल त्याने फळ्यावर आपलं नाव आणि तारखा लिहायच्या, खाली ज्याला जमेल त्याने आपलं नाव लिहायचं आणि त्याच्या पेशींना खाणं घालायचं. एवढा साधा कारभार. पूर्वी तिथे तिसरा रकाना असे, 'कारण' नावाचा. कुणी त्यात 'आईचं पोट दुखतं' असं लिहिलं की चौघांच्या मार्गदर्शक मॅडम सोमवारच्या बैठकीत ते मोठ्याने वाचत आणि विचारत, "प्रबंध तुझा आहे की आईच्या पोटाचा?" सगळे हसत. ज्याच्या आईचं पोट दुखत असे तोही हसे, करतो काय.

ताई दुसऱ्या वर्षाला असताना तिला काही महिने सकाळी अंथरुणातून उठणंच अवघड होऊन बसलं होतं. ती मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली, दर बुधवारी दोन तास. फळ्यावर तिने 'तब्येत' असं लिहिलं. मॅडमनी भरबैठकीत विचारलं, "कसली तब्येत? चांगली धडधाकट तर दिसतेस." ताईने पोटाबिटाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण त्या दिवशी ती इतकी शरमली की बुधवारचं जाणंच तिने बंद केलं. पुढचं वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिला माहीत. वर्षभराने, जरा बरं वाटायला लागल्यावर, तिने एका दुपारी स्पिरिट फवारून 'कारण' हा रकाना पुसून टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "आजपासून कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. नाव लिहा आणि निघा. मागचं आम्ही बघतो."

मॅडमनी कुरकुर केली, पण पेशी मरेनाशा झाल्या तशी कुरकुरही थांबली. काकाच्या धाकटीला कांजिण्या आल्या तेव्हा तो आठ दिवस घरी राहिला. गडबड्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तो चार दिवस नुसता पडून होता. कुणी त्यांना एक अक्षर विचारलं नाही, आणि ते परत आले तेव्हा त्यांच्या बाटल्या जशाच्या तशा. शेजारच्या दोन प्रयोगशाळांनी हा नियम उचलला. नवीन मुलगा आला की ताई त्याला हातमोजे कुठे असतात ते दाखवायची आणि पाठोपाठ नियम सांगायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? पाच वर्षांत तिचे दोन शोधनिबंध नाकारले गेले होते, पण ही एक गोष्ट तिने उभी केली होती आणि ती चालत होती.

एका शुक्रवारी मौनीने फळ्यावर लिहिलं, 'शनि, रवि.' दोन वर्षांत पहिल्यांदा. इतरांच्या नावाखाली त्याचं नाव पन्नास वेळा असेल, स्वतःसाठी त्याने कधी फळ्याला हात लावला नव्हता. तिघांनाही बरंच वाटलं. काका म्हणाला, "चला, पोरगं माणसात आलं." मौनीच्या मज्जापेशी फार नखऱ्याच्या, रोज खाणं मागणाऱ्या. तिघांनी दिवस वाटून घेतले. संध्याकाळी गडबड्याने मायक्रोस्कोपला मोबाइल लावून त्या पेशींचा फोटो काढला आणि मौनीला पाठवला. खाली लिहिलं, 'लेकरं मजेत आहेत. तूही मजा कर.' मौनीने अंगठा पाठवला.

सोमवारी त्याचा निरोप आला, 'अजून दोन दिवस.' बुधवारी आला, 'अजून थोडे.' ताईने फळ्यावर तारखा वाढवल्या. रोज संध्याकाळी फोटो जात होता. पेशी अशा काही माजल्या होत्या की मौनीच्या हातूनही कधी तशा वाढल्या नसतील, एकमेकींना धागे टाकत बाटलीभर पसरलेल्या.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. ताई तेव्हा काचेच्या पडद्यामागे हात घालून त्याच्याच पेशींना खाणं घालत होती. एकदा निर्जंतुक केलेले हात बाहेर काढले की सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून तिने गडबड्याला सांगितलं आणि त्याने फोन तिच्या कानाशी धरला.

"ताई," मौनी म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तुला जरा वेळ आहे का? मला थोडं..."

"अरे, तुझ्याच लेकरांना भरवतेय!" ताई हसून म्हणाली. "काय दिसताहेत म्हणून सांगू! तू अगदी निर्धास्त राहा."

"हो, पण मला सांगायचं होतं..."

"काही सांगायचं नाही. नियम माहीत आहे ना? कारण कुणी मागितलंय तुझ्याकडे? हवे तेवढे दिवस घे."

पलीकडून खोकला आला. मग तो म्हणाला, "बरं, ताई."

गडबड्याने फोन बंद केला. ताईने पुढची बाटली घेतली. आपण किती चांगलं वागलो असं तिला त्या क्षणी वाटलं, हे इथे सांगून टाकलं पाहिजे. हेही सांगितलं पाहिजे की तिचे हात अडकलेले होते, तीन वाजता तिला मॅडमना आकडे दाखवायचे होते, आणि मौनीने तिचं न ऐकता सांगायला सुरुवात केली असती तर तिची पंचाईत झाली असती. न विचारण्यात मोठेपणा असतो, तशी सोयही असते. दुसऱ्याचं दुःख ऐकून घ्यायला वेळ द्यावा लागतो आणि त्या दुपारी तो तिच्याकडे नव्हता.

शुक्रवारचा फोटो मौनीने पाहिला नाही. शनिवारचाही नाही. "झोपला असेल," गडबड्या म्हणाला. बाटलीतलं पाणी जरासं गढूळ दिसलं तरी हातातलं टाकून धावणारी ही तीन माणसं. मौनी राहायचा ती इमारत विद्यापीठाच्या मागच्या फाटकापासून दहा मिनिटांवर होती. तिघांपैकी एकही जण तिचा जिना कधी चढला नव्हता.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेतला जुना फोन वाजला. मौनीची थोरली बहीण दुसऱ्या गावाहून बोलत होती. दोन दिवस तो फोन उचलत नव्हता. ताई आणि काका पळत निघाले. घरमालकिणीने आधी "सकाळी सकाळी काय हे" म्हणत कुरकुर केली, मग काकाचा चेहरा पाहून किल्ली आणली. मौनी कॉटवर होता, शुद्धीत नव्हता, अंग तापलेलं, श्वास घरघरत होता. उशाशी तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि पाण्याचा तांब्या होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसं भरलीत. मग विचारलं, "चार दिवस आधी का आणला नाहीत?" मंगळवारी पहाटे मौनी गेला. बहीण सोमवारी दुपारी पोचली होती, पण त्याने तिला ओळखलं की नाही ते कुणालाच सांगता आलं नाही.

पुढचे दिवस प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने बोललं नाही. मॅडम आपल्या खोलीचं दार लावून बसायच्या. सोमवारची बैठक झाली नाही. मौनीच्या पेशींना रोज खाणं मिळत होतं, कारण ते थांबवायचं कुणी हा प्रश्न कुणीच काढत नव्हतं. ताई ते काम करताना गुरुवारच्या फोनचा विचार करी. गडबड्यानेही ते ऐकलं होतं, पण तो तिच्याकडे बघायचं टाळत असे. तिने घरी काही सांगितलं नाही, काकाला काही सांगितलं नाही. रात्री झोप येत नसे आणि सकाळी उठवत नसे, जुन्या दिवसांसारखं.

तीन आठवड्यांनी बहीण मौनीचं सामान न्यायला आली. पोस्टात कारकून होती ती, बारीक चणीची, साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी. दारातच उभी राहून तिने सगळ्यांकडे नीट पाहिलं.

"तुम्ही काका ना?" ती म्हणाली. "धाकटीच्या कांजिण्यांचे डाग गेले का?"

काका मान हलवत 'गेले' म्हणाला.

"आणि तू गडबड्या. तराजू फोडलास तो तू." गडबड्याला हसू आणि रडू एकदमच आलं आणि तो भांडी धुण्याच्या निमित्ताने बाहेर गेला. काकाही त्याच्यामागे गेला.

ताईने मौनीचा खण उघडून दिला. दोन वह्या, एक स्वेटर, चष्म्याचं रिकामं घर. बहिणीने एकेक वस्तू पिशवीत ठेवली. मग तिने ताईचा हात हातात घेतला.

"तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली. "शेवटच्या दिवसांत तुम्ही होतात म्हणून मला एवढं तरी समाधान. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला होता मला. आवाज ऐकून मी म्हटलं, मी येते. माझी बॅग भरून तयार होती. तर म्हणाला, अक्का, तू धावत येऊ नकोस, रजा वाया घालवू नकोस. आत्ताच ताईशी बोललोय. ताई आहे इथे, ती बघतेय सगळं. तेव्हा कुठे मी बॅग रिकामी केली."

बहिणीचे हात गरम होते आणि ताईचे बर्फासारखे. गप्प राहणं अगदी सोपं होतं. ही बाई पिशवी उचलून निघून जाईल, जन्मभर 'शेवटी ताई होती' म्हणत राहील आणि त्यावर चार घास सुखाने खाईल. तिचं ते समाधान काढून घेणारी आपण कोण, असा विचारही ताईच्या मनात येऊन गेला, आणि तो विचार तिला गुरुवारच्यासारखाच सोयीचा वाटला. म्हणून तिने हात सोडवून घेतला.

"मी बघत नव्हते," ती म्हणाली. "मी त्याच्या पेशी बघत होते."

बहिणीला कळलं नाही. मग ताईने पहिल्यापासून सांगितलं. फळा, नियम, फोटो, अडकलेले हात. तो काय म्हणाला आणि ती काय म्हणाली, शब्दन्‌शब्द. सांगताना तिने स्वतःला कुठे सावरून घेतलं नाही. दहा मिनिटांवरच्या इमारतीचंही सांगितलं.

बहीण स्टुलावर बसली.

"म्हणजे तो सांगायला निघाला होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू म्हणालीस, सांगू नकोस."

"हो."

तिने 'तुम्ही' सोडून 'तू' म्हटलं ते ताईला बरं वाटलं. आता ही ओरडेल, कदाचित एक ठेवूनही देईल, असं तिला वाटलं, आणि तिला ते हवंच होतं. पण बहीण ओरडली नाही. तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा ते भरले, पुन्हा पुसले.

"दोन वर्षं तो तुझ्या शेजारी बसायचा ना? काय माहीत आहे तुला त्याचं?"

ताईने आठवून पाहिलं. त्याचं अक्षर तिला माहीत होतं. त्याच्या हाताला कंप नव्हता, एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. "बाटल्यांवर तो तारीख दोन-दोनदा लिहायचा," ती म्हणाली.

"आणखी?"

आणखी काही नव्हतं. ताई रडायला लागली.

"रडू नकोस," बहीण जरा चिडूनच म्हणाली. "रडायला घरी रांग लागलीय. येणारा प्रत्येक जण मला सांगतो, बोलू नकोस, पड जरा, शांत राहा. माझ्या भावाचं नाव काढलं की लगेच पाण्याचा पेला पुढे करतात. तीन आठवडे झाले, मला त्याच्याविषयी एका माणसाने काही विचारलेलं नाही. तू तेव्हा विचारलं नाहीस ना? मग आता विचार."

"काय विचारू?"

"ते मी सांगू होय तुला?"

ताईची विचारायची सवयच मोडली होती, आणि ती तिने स्वतःच मोडली होती, स्वतःची आणि सगळ्यांची. तिने नाक पुसलं.

"तो लहानपणापासून असाच होता का?" तिने विचारलं. "असा गप्प?"

बहिणीने तिच्याकडे पाहिलं. आधी तिला प्रश्नच समजला नसावा, मग तिचा चेहरा कसनुसा झाला.

"गप्प?" ती म्हणाली. "अगं, तोंड म्हणून मिटायचं नाही त्याचं. झोपेत बोलायचा. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबवून विचारायचा, तुमचं नाव काय, तुम्ही कुठे निघालात, तुमची आई बरी आहे का. आमचे बाबा वैतागून म्हणायचे, हा मोठा झाला की जनगणनेत लावा याला. इथे आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात फोन करून म्हणाला, अक्का, इथली माणसं फार चांगली आहेत, पण इथे कुणी कुणाला काही विचारायचं नसतं, नियमच आहे. मी म्हटलं, मग तुझं कसं व्हायचं रे? तर म्हणाला, शिकेन की. आणि रोज रात्री तासभर मला विचारत बसायचा, काकाची मुलगी बरी झाली असेल का गं, गडबड्याचं लग्न कशाने मोडलं असेल. ताई बुधवारी कधीकधी एकटीच जिन्यात बसते, तिला काय होत असेल."

खाली अंगणात कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. ताईने दुसरं स्टूल ओढलं आणि ती बहिणीसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तू काय सांगायचीस त्याला?" तिने विचारलं.

"मी? मी म्हणायचे, विचार ना मग जाऊन." बहिणीने पिशवी मांडीवर ओढली. "म्हणायचा, नाही गं, तिला आवडणार नाही."